पिनवर किती वजन येतं

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ट्रकच्या पाठीवर तोंड टेकून एक घर झोपलंय. तुम्हीपण हायवेवर बघितलं असेल. पुढे पिकअप ट्रक, मागे हे मोठं पांढरं घर, चाकांवर. पण ते ट्रकच्या शेपटीला बांधलेलं नसतं. त्याचं नाक ट्रकच्या हौद्यात शिरलेलं असतं. नाकाखाली मनगटाएवढी जाड लोखंडी पिन असते, ती हौद्यात बसवलेल्या जबड्यात अडकते. त्याला फिफ्थ व्हील म्हणतात, म्हणजे पाचवं चाक. कामाच्या पहिल्या दिवशी मी ते पाचवं चाक शोधत ट्रेलरभोवती फिरले. कुठं दिसेना. पुढं एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं सांगितलं की पूर्वी घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून एक आडवं चाक बसवायचे, चाक गेलं आणि नाव राहिलं. ऐकून बरं वाटलं. म्हणलं, चला, म्हणजे हा धंदा गाडीवरनंच आलाय, आपल्याला अगदीच परका नाही.

इथल्या मिशिगनच्या मराठी मंडळाची मेघना म्हणाली, मावशी, दिवाळी अंकात सगळे कॉम्प्युटरवाले लिहितात, तुम्ही तुमच्या ट्रेलरचं सांगा. मी बोलते, ती फोनमध्ये धरते आणि मग उतरवते. काही चुकलं असेल तर तिचं.

माझी शाळा चौथीत सुटली. आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की बैलगाडीत संसार भरायचा, वर आम्हा पोरांना बसवायचं आणि कारखान्यावर. पाचटाची खोपी, तीन दगडांची चूल. आणि इथं मी बघते तर चांगली पेन्शन खाणारी माणसं राहतं घर विकतात, चाकांवरचं घर घेतात आणि गावोगाव हिंडतात, हौस म्हणून! ज्याला आम्ही हाल म्हणायचो त्याची इथं जाहिरात असते. मला ह्याचं हसू येत नाही, कुतूहल वाटतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी विचारायचे, कशाला निघालात? उत्तरं एकसारखी कधीच आली नाहीत.

मी इथं आले ती दिरानं कागदपत्रं केली म्हणून. आमचे हे वेल्डर. ट्रॉयजवळच्या एका शॉपमध्ये गाड्यांच्या चासीचं काम करायचे. पाठ दुखायची. कुणाला सांगितलं नाही, मलासुद्धा नाही. बर्फ काढायचे, पोरांना उचलायचे, ओव्हरटाइम करायचे. एक दिवस बाकावर डबा खायला बसले ते उठताच येईना. मणका गेला होता. त्यानंतर ते काही वर्षं होते, पण पलंगावर. मग मी कामाला निघाले. इंग्लिश नाही, गाडी येत नाही. बसनं जायचे, आणि बस सोडते तिथनं बर्फातनं चालत. ट्रॉयच्या उत्तरेला हायवेला लागून ट्रेलरचं दुकान होतं. तिथं विकलेले ट्रेलर आतनं पुसून द्यायचं काम मिळालं. करायला लागतं ते करायचं. रडून बर्फ वितळत नाही.

पुसता पुसता मी बाहेर बघायचे. मालकाचं नाव गॅरी. तो ट्रकचं दार उघडून आतला पिवळा स्टिकर वाचायचा आणि गिऱ्हाइकाशी तासतास वाद घालायचा. एक दिवस म्हणलं, काय लिहिलंय तिथं? त्यानं मला बसवून सांगितलं. चांगला माणूस. माझ्या प्रश्नांना कधी कंटाळला नाही.

ते असं असतं. ट्रकला दोन ताकदी असतात. एक ओढायची, दुसरी पाठीवर घ्यायची. जाहिरातीत ओढायची लिहितात. दहा हजार पौंड, बारा हजार पौंड, मोठे आकडे. पाठीवर घ्यायची ताकद दाराच्या त्या पिवळ्या स्टिकरवर असते, बारीक अक्षरात. माणसं, कुत्रं, सामान, हौद्यातला तो लोखंडी जबडा, सगळं धरून ह्याच्यापेक्षा जास्त नको. आणि फिफ्थ व्हीलची गंमत ही, की ते नुसतं मागं ओढायचं नसतं, त्याचा साधारण पाचवा हिस्सा पिनवरनं ट्रकच्या पाठीवर येतो. म्हणजे दहा हजाराचा ट्रेलर ओढायला ट्रक राजी असतो, पण त्याचे दोन हजार पाठीवर बसले की मागचा भाग खाली जातो, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पाण्यात हात फिरवल्यासारखं लागतं. शिवाय माहितीपत्रकातलं वजन रिकाम्या ट्रेलरचं. पाणी नाही, गॅस नाही, तुमचा संसार नाही.

मला हे लगेच पटलं, कारण उसाची गाडी भरताना बाप हेच ओरडायचा. मागं जास्त भरला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलाचा गळा आवळतो. पुढं जास्त भरला तर गाडी धुरजड, सगळं मानेवर. गॅरीला मी हे हातवारे करून सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडं ह्याला एवढे चांगले शब्द नाहीत. मग त्यानं मला पुसण्यावरनं काढून ट्रेलर जोडण्यावर घेतलं. गाडी चालवायलाही त्यानंच शिकवलं, रिकाम्या आवारात.

आमच्या दुकानासमोर रस्त्यापलीकडं खडीवाल्याचा वजनकाटा होता. मी प्रत्येक ट्रेलर भरल्यावर तिथं नेऊन पिनवर किती येतं ते बघायचे. एक पियानो शिकवणारी बाई होती. एकटी, कडक. पियानो घेऊन देश फिरणार. तिनं पियानो ठेवला अगदी मागच्या भिंतीला, खिडकीशी, वाजवताना बाहेर दिसावं म्हणून. काट्यावर पिन एकदम हलकी. उलाळ! असा ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो आणि ट्रकलाही हलवतो. म्हणलं, पियानो पुढं घ्या. ती म्हणाली, पुढं खिडकी नाही. तीन वेळा भांडून गेली, चौथ्या वेळी पियानो चाकांच्या वर घेतला आणि भिंतीला नवीन खिडकी पाडून घेतली. माणसं ऐकतात, पण स्वतःच्या वाटेनं.

आणखी एक नियम माझा होता, गॅरीचा नाही. जो चालवणार त्यानं आमच्या आवारात ट्रेलर मागं घेऊन दोन खुणांच्या मध्ये लावून दाखवायचा. त्याशिवाय मी जोडणी पूर्ण झाली म्हणायचे नाही. एका गृहस्थानं "मी आयुष्यभर गाड्या चालवल्यात" म्हणून नेला आणि पहिल्याच पेट्रोल पंपावर वळताना ट्रेलरचं नाक ट्रकच्या मागच्या काचेत घातलं. बायको आत बसलेली. लागलं नाही, पण तिनं परत ट्रेलरमध्ये पाय ठेवला नाही. तेव्हापासनं हा नियम.

आता ज्यांच्यासाठी हे सांगायला बसले ते वसंतराव आणि उषाताई.

दोघं ट्रॉयचेच. वसंतराव गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, रिटायर झालेले. उषाताई मूळच्या नागपूरच्या, इतकी वर्षं होऊन बोलणं तसंच. मुलगा कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला, मुलगी त्याच बाजूला, पण वर उत्तरेला, बॉथेलला. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, कशाला निघालात?

"सांगते ना," उषाताई म्हणाल्या. "मागच्या वर्षी मुलाकडे राहून आलो. सून चांगली आहे हो, काही म्हणजे काही बोलत नाही. पण चहा करायचा तर कोणतं पातेलं घेऊ विचारा, मिसळणाचा डबा ठेवायचा तर कुठं ठेवू विचारा. मी चाळीस वर्षं माझ्या ओट्यावर राज्य केलेली बाई. म्हटलं, आता माझं स्वयंपाकघर माझ्या मागे येईल. सहा महिने त्याच्या अंगणात, सहा महिने हिच्या. जेवायला यायचं तर त्यांनी यायचं माझ्याकडे!"

हे त्यांचं सगळं. दुसरी कसली हौस नाही. ट्रेलर घेतला तोसुद्धा ओटा बघून.

आणि भरायला लागल्या, बाप्पा! आपली बाई कुठंही निघाली तरी वर्षाची बेगमी बरोबर घेते, हे गॅरीला काय माहीत. तांदूळ, तूरडाळ, ज्वारीचं पीठ, गव्हाच्या गोण्या, लोणच्याच्या बरण्या, इडलीचं वाटायचा दगडी ग्राइंडर, तीन कुकर, आणि दगडी खलबत्ता. सगळं ठेवलं पुढच्या कप्प्यात, कारण तो कप्पा मोठा आणि दार बाहेरनं उघडतं. तो कप्पा नेमका पिनच्या डोक्यावर. गॅरीनं आत वाकून बघितलं आणि मला विचारलं, तिकडं कॅलिफोर्नियात किराणा मिळत नाही का?

पण मला नवल वाटलं ते वसंतरावांचं. नवरे कुरकुर करतात. "अगं किती घेशील," म्हणतात. हे उलटं. "उषा, ज्वारी अजून घे. तो लोखंडी तवापण घे, मोठा." स्वतः उचलत मात्र काही नव्हते. उजवा हात जॅकेटच्या खिशात. उन्हाचे दिवस, आणि हा माणूस जॅकेट घालून.

त्यांचा ट्रक त्यांच्याच कंपनीचा, छोट्यातला. त्या ट्रकच्या दाराचं कुलूप वसंतरावांनी स्वतः बनवलेलं, त्याचा फार अभिमान.

"दाराच्या कुलपावर घर ओढून राहिले हे," उषाताई म्हणाल्या.

स्टिकर वाचला. पंधराशे पौंड. दोघं जण आणि जबडा वजा केला की हजारभर उरतात. आमच्या मोठ्या ट्रकला त्यांचा ट्रेलर जोडून मी काट्यावर नेला. पिनवर दोन हजाराच्या वर. मी वसंतरावांना आकडा दाखवला. इंजिनियर माणूस, धक्का बसायला हवा होता. ते म्हणाले, "हो, माझाही हिशोब एवढाच येत होता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"घरीच काढलं होतं."

मग गोण्या कशाला भरू दिल्या? मी विचारणार, तेवढ्यात त्यांनी मला ट्रेलरच्या आडोशाला बोलावलं. उषाताई आत डबे लावत होत्या, पत्र्यातनं आवाज येत होता.

"कमलताई, तिला सांगा की हे जमणार नाही."

"ह्या ट्रकवर जमणारच नाही. सांगणारच आहे."

"ह्या नाही. कुठल्याच ट्रकवर जमणार नाही म्हणा."

"असं कसं म्हणू? मोठा ट्रक घेतला तर मजेत जाईल."

त्यांनी खिशातनं हात काढला. हात आपला आपला हलत होता, पाखरू धरल्यासारखा. दुसऱ्या हातानं दाबून धरला तरी थांबेना.

"डॉक्टर अजून आजाराचं नाव घेत नाही. तपासण्या चालू आहेत. तिला माहीत नाही. मुलांना कळलं की पहिल्यांदा माझ्या गाडीच्या किल्ल्या जातील आणि मग आम्हा दोघांना एखाद्या सीनियर लिव्हिंगमध्ये, वृद्धाश्रमातच म्हणा, टाकतील. तिथं ओटा नसतो, कमलताई, तिथं डायनिंग हॉल असतो. आणि न सांगता निघालो तर तिला घेऊन कुठल्या दरीत जाईन, देवाला माहीत. म्हणून म्हटलं, वजनच होऊ दे इतकं, की ट्रकच नाही म्हणेल. दोष ट्रकला."

माझ्या डोळ्यासमोर आमचे हे आले, डब्याचं झाकण हातात धरून बाकावर बसलेले.

"मी काट्यावर आलं तेवढं सांगेन," मी म्हणलं. "जास्त नाही, कमी नाही. हाताचं मी सांगणार नाही. ते तुमचं आहे. पण वसंतराव, जो पाठीवर घेतो त्याला किती झेपतं ते बाजूच्याला कळावं लागतं. नाहीतर बाजूचा भरतच राहतो. बैल बोलत नाही, म्हणून त्याच्याकडं बघावं लागतं. तुम्हाला तर बोलता येतं."

त्यांनी हात परत खिशात घातला.

मी उषाताईंना सांगितलं, हा ट्रक पुरत नाही. त्या रडतील वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मग पुरणारा घेऊ. अहो, तुमचं कुलूप विका!"

आणि खरंच, दोन आठवड्यांनी मोठा ट्रक घेऊन आल्या. मागं दोन्ही बाजूंना जोड चाकं असतात तो, हत्तीसारखा. अर्ध्या गोण्या शेजारणींना वाटल्या, खलबत्ता मैत्रिणीला दिला. उरलेलं मी चाकांच्या वर नीट वाटून लावून दिलं. काट्यावर नेलं. पिनवर जेवढं यायला हवं तेवढंच, आणि ट्रकच्या स्टिकरला अजून जागा शिल्लक. इतकी छान जोडी मी फार कमी बघितली. उषाताईंनी आकडा बघून ट्रकला हात जोडले.

वसंतराव माझ्या जवळ आले. "आता काय सांगणार?"

"पुरतं, हेच."

"काही तरी काढा ना. काहीही."

"खोटं नाही काढणार," मी म्हणलं. "पण माझा नियम राहिलाय अजून. चालवणाऱ्यानं मागं घेऊन दाखवायचं."

त्यांचा चेहरा उतरला. पण उषाताई समोर उभ्या, नाही कसं म्हणणार. चढले. उषाताई मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात हलवायला लागल्या. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या!" आपल्या माणसांची ही सवय जगात कुठंही जात नाही. भिंत आली तरी येऊ द्या.

ट्रक मागं आला. ट्रेलर भलतीकडं वळला. वसंतरावांनी स्टिअरिंग उलटं फिरवलं, हात निसटला, परत धरलं. ट्रेलरचं नाक ट्रकच्या काचेकडं सरकायला लागलं. मी हात वर केला, थांबा. ते थांबले. पुढं घेतलं, परत तेच. तिसऱ्या वेळी ते नुसते बसून राहिले, इंजिन चालू.

उषाताईंचं "येऊ द्या" कधीच बंद झालं होतं. त्या चालत ड्रायव्हरच्या दाराशी गेल्या.

"अहो, उतरा."

"अगं, एकदा अजून बघतो ना..."

"उतरा म्हणते ना."

"तुला हे जमणार नाही, उषा. ही काय तुझी मिनीव्हॅन आहे?"

"मिशिगनच्या बर्फात तुमची पोरं शाळेत कोणी नेली? उतरा."

ते उतरले. उषाताई चढल्या, सीट पुढं ओढली, उशी मागितली. मी बाजूला जाऊन बसले. म्हणलं, स्टिअरिंग वरनं धरू नका, खालनं धरा. ट्रेलरची शेपूट ज्या बाजूला न्यायची त्या बाजूला हात न्या. थोडासा. आणि वाट बघा. घर मोठं आहे, त्याला ऐकू यायला वेळ लागतो.

"बाप्पा! हा तर उलटाच जाऊन राहिला!"

"जास्त फिरवलं. सोडा. पुढं घ्या. परत."

खुणांचे शंकू पडले. परत उभे केले, परत पडले. गॅरी खुर्ची टाकून बघत बसला. दुपार सगळी गेली. मागं आता वसंतराव उभे होते, त्यांनाच दाखवायचं होतं किती आलं. सुरुवातीला एकच हात वर करायचे, डावा. उषाताई काच खाली करून ओरडल्या, "अहो, एका हातानं मला अंतर कसं कळेल? दोन्ही दाखवा!"

ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी उजवा हात काढला. आरशात स्पष्ट दिसत होतं, दोन्ही हात वर, एक स्थिर, दुसरा हलतोय. त्या दोन हातांमधल्या अंतराकडं बघत उषाताईंनी ट्रेलर मागं घेतला. हळू. खालनं धरून. दोन खुणांच्या बरोबर मध्ये.

ब्रेक लावला आणि समोर बघत मला म्हणाल्या, "महिना झाला बघून राहिले मी. उजव्या हातानं चहा घेणारा माणूस डाव्यानं घेऊन राहिला. मला नाही कळणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"ते सांगतील म्हणून थांबले. त्यांना वाटून राहिलं, माझं स्वयंपाकघर जाईल. अहो, ओटा मला पाहिजे होता, पण एकटीला थोडाच पाहिजे होता." मग नाक पुसलं. "तपासण्या पूर्ण करूनच निघू. आणि रस्त्यात कुठं डॉक्टर लागला तर तिथं थांबू. घर तर बरोबरच आहे."

त्या नंतर रोज येऊन सराव करून गेल्या. गॅरी म्हणाला, हिला नोकरीवर ठेवू का?

निघायच्या दिवशी मी जबडा बंद झालाय का बघितलं, खाली वाकून, बॅटरीच्या उजेडात. मग ट्रेलरचे ब्रेक धरून ट्रक किंचित पुढं ओढायला सांगितला. सुटला नाही. चांगला धरलाय. वसंतराव माझ्यापाशी आले, आवाज बारीक करून.

"तुम्ही सांगितलंत तिला?"

"नाही."

"मग त्या दिवशी मला उतरवलं कशाला तिनं?"

"ते त्यांनाच विचारा," मी म्हणलं. "क्युपर्टिनोपर्यंत एकाच केबिनमध्ये आहात. अख्खा देश ओलांडायचाय."

"अहो, बसा ना!" उषाताई वरनं ओरडल्या. "निघायच्या वेळी काय बोलून राहिले एवढं?"

ते पलीकडनं चढले. काच खाली होती, मला दिसत होतं. त्यांनी बेल्ट ओढला, उजव्या हातानं, लपवलं नाही. हात हलत होता, कडी खाचेत बसेना. उषाताईंचा पाय ब्रेकवर होता. त्यांनी मदतीला हात पुढं केला नाही, घाईपण केली नाही. मागं रस्त्यावरचा एक ट्रकवाला हॉर्न देत होता, त्याला देऊ दिला. कडी लागल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी ब्रेक सोडला.